मागची खिडकी

आईने पदर पसरला आणि खिडकीतल्या माणसाने त्यात लुगडं टाकलं. टाकलं म्हणजे वरून सोडलं. स्वतःचा हात आईच्या पदरापासून लांब ठेवून. हिरवं लुगडं होतं, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं.

आक्का आईच्या मागेच उभी होती. नेसायचं तिला होतं, पण तिला कोणी काही विचारलं नाही. आईनेच हळू आवाजात म्हटलं, दादा, जरा मोठ्या काठाचं असलं तर दाखवता का, पोरीला आवडतं. तो आमच्याकडे न बघता बोलला.

"इथे उलगडून बघायचं नाही. हात लागला, ते तुमचं."

आईने पैसे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. त्याने त्यांच्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि मग उचलले. मी तेव्हा शाळेत नुकती जायला लागलेली. मला वाटलं, आमचे पैसे मळलेले असतील.

ही खिडकी कल्याणातल्या मोठ्या भांडाराची. नाव सांगत नाही. त्या काळी नुसतं भांडार म्हटलं तरी लोकांना तेच कळायचं.

त्या भांडाराची सगळी कथा मला बापाने सांगितलेली. बाप रेल्वेच्या यार्डात कोळसा वाहणारा खलाशी होता. शेटचे वडील म्हणे पाठीवर गठ्ठा टाकून आंबिवली, टिटवाळ्याकडच्या गावांत कापड विकत फिरायचे. आमच्या वस्तीतही यायचे. ओट्यावर गठ्ठा सोडायचे, बायकांशी घासाघीस करायचे, पाणी तेवढं घ्यायचे नाहीत. मग स्टेशनच्या रस्त्यावर एक गाळा झाला. लढाई संपली, फाळणी झाली, पलीकडे निर्वासितांची छावणी पडली, कल्याणात माणूस वाढला. शेटने शेजारचं घर विकत घेतलं, मधली भिंत पाडली, वर मजला चढवला. कापडाच्या दुकानाचं भांडार झालं. सुईपासून शालूपर्यंत सगळं एका छपराखाली. पुढच्या दारावर मोठी पाटी लागली. सर्वांना एकच भाव.

वरच्या मजल्याच्या विटा वाहायला आमच्याच वस्तीतल्या, आंबिवलीकडच्या बायका होत्या. आई होती. मजल्याला जिना लाकडी केलेला. काम चालू होतं तोवर त्या बायका डोक्यावर घमेलं घेऊन त्या जिन्याने दिवसभर वरखाली करायच्या. मग जिन्याला पितळी कठडा बसला. फरशी धुतली, पूजा झाली, गावातली मोठी माणसं येऊन पेढे खाऊन गेली. त्या दिवसापासून आमच्या बायकांना जिना बंद. पुढचं दारही बंद. त्यांच्यासाठी मागच्या गल्लीत, गटाराच्या कडेला, गोदामाच्या भिंतीत खिडकी ठेवली. पाटी काही खोटी नव्हती. भाव एकच होता.

आईने आक्काचं लुगडं घरी आणून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. घडी मोडली नाही. नव्या लुगड्याची घडी नवरीनेच मोडायची. लग्नाच्या दिवशी मांडवात भर उन्हात आक्काला नेसवायला काढलं, तेव्हा दिसलं. घडीच्या कडेने वरपासून खालपर्यंत रंग उडालेला. हिरव्यात पिवळट पांढरा पट्टा. पाठीवर घ्या, पुढे घ्या, पट्टा काही लपेना. बायका म्हणाल्या, पेटीचा गंज लागला असेल. कोणी म्हणालं, ओल धरली. आई एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. आक्का म्हणाली, असू दे गं, हळदीच्या रंगात कोणाला दिसतंय.

दिसलं. तिच्या सासूला दिसलं. लग्न लागल्यावर तिने चार माणसांत म्हटलं की जुनेर नेसवून पोरगी गळ्यात मारली.

हे वाक्य आक्काच्या मागे लागलं. मीठ कमी पडलं तरी जुनेर. दूध उतू गेलं तरी जुनेर. तिचं सासर शहापूरच्या पुढे, आत. माहेरी पाठवायचं कोणी नाव काढत नसे. पहिल्या दिवाळीला नाही पाठवली. पुढच्या दिवाळीच्या आधी ती तापाने गेली. आम्हाला निरोप आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आई तिथे पोचली ती राखेपाशी.

आई त्यानंतर रडली असेल, पण आमच्यासमोर नाही. तिने एकच केलं. ती पत्र्याची पेटी शेजारणीला देऊन टाकली. आमचे कपडे त्यापुढे गाठोड्यात राहायला लागले. बापाने दुसरी पेटी आणतो म्हटलं तर नको म्हणाली.

आणि तीच आई भांडारात झाडायला जायची. मागचं अंगण, गटाराची कड, पुढचा रस्ता. आत नाही. आतली झाडलोट वेगळ्या बाईकडे. पुढचा रस्ता झाडताना कधीमधी मी बरोबर असायचे. पुढे काचेची मोठी शोकेस होती. त्यात लाकडी बाई उभी केलेली, तिला साडी नेसवलेली, तिच्या पायाशी घड्या घातलेली लुगडी पंख्यासारखी मांडलेली. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन थेट त्या काचेवर. मी थांबून बघायचे. आई म्हणायची, चल, काचेला हात लावू नकोस, डाग पडतो.

मी शिकले. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आधी दाराजवळ, मग वर्गात, मग पुढच्या बाकावर. मॅट्रिक झाले. वस्तीतली पहिली मुलगी. बाप तोवर यार्डात पाय चिरडून घरी बसलेला. शाळेतल्या एका बाईंची शेटच्या घरी ओळख होती. भांडाराचा कारभार आता धाकटे शेट बघायचे. खादी घालायचे, सुधारणेच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसायचे. बाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. ते म्हणाले की आमच्याकडे भेद नाही, मुलीला उद्यापासून पाठवा.

आईने माझी वेणी घातली. कधी नव्हे ती इतकी घट्ट घातली की डोकं दुखायला लागलं. पुढच्या दाराशी ती झाडू घेऊन उभी होती. मी तिच्यासमोरून पायऱ्या चढून आत गेले. मागे वळून बघितलं नाही, पण ती बघत होती हे मला ठाऊक होतं.

मॅनेजर मला घेऊन चालायला लागले. इतकी वर्षं ज्याच्या भोवती झाडलं, ते भांडार मी पहिल्यांदा आतून बघत होते. डाव्या हाताला वह्या, दौती, घड्याळं. उजवीकडे साबण, तेलं, पावडरीचे डबे, आणि तिथे असा वास की तिथेच उभं राहावं. पुढे पितळेची भांडी, चिनीमातीच्या बरण्या, कंदील, स्टोव्ह. लाकडी घोडे, चावीची मोटार. मधोमध तो जिना, कठडा चकचकीत. वरून पंख्यांचा आवाज येत होता आणि बायकांचं हसणं. मला वाटलं, आता इथे थांबतील. साबणापाशी थांबतील. वह्यांपाशी तरी थांबतील. मी शिकलेली होते.

मॅनेजर थांबले नाहीत. मागे एक दार होतं. त्यातून गोदामात. पोत्यांच्या, गठ्ठ्यांच्या मधून अंधारी वाट. वाटेच्या शेवटी उजेडाची लहानशी चौकट.

ती खिडकी. तीच. मी आतल्या बाजूने उभी.

"इथे बस," मॅनेजर म्हणाले. "तुझीच माणसं येतात. तुला बरं पडेल, त्यांनाही बरं पडेल."

मी बसले. आईच्या एकटीच्या झाडण्यावर घर चालत नव्हतं.

खिडकीवर बसून मी एक गोष्ट केली. वस्तू हातात द्यायला लागले. साबणाची वडी असो, काचेचा कंदील असो, हातात. पहिल्यांदा बायका दचकायच्या. सवयीने पदर पसरायच्या. मी म्हणायचे, मावशी, हात पुढे करा. पाण्याचं भांडं तिथेच होतं, मी ते पालथं घातलं. मॅनेजरने बघितलं, बोलले काही नाहीत. पाणी शिंपडलं काय, नाही शिंपडलं काय, पैसे गल्ल्यात येत होते.

बायका मला विचारायच्या, वर काय हाय गं. मलाही माहीत नव्हतं. वर जायची मला परवानगी नव्हती. एकदा गठ्ठे वर न्यायला माणूस कमी होता म्हणून मी नेले. वर पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या लांबलचक गाद्या, त्यावर बसलेल्या बायका, त्यांच्यापुढे साड्यांचा ढीग, विक्रेता एकामागून एक घडी मोडतोय आणि कोणी त्याला मोडू नको म्हणत नाही. भिंतीला माणसाएवढा आरसा. मी त्यात मला आख्खी बघितली. पायापासून डोक्यापर्यंत, पहिल्यांदा. कोणीतरी मागून म्हटलं, ठेवलेस ना, मग खाली.

मग आंबिवलीची भागाबाई आली. ती आईची जुनी मैत्रीण, दोघींनी एकत्र विटा वाहिलेल्या. बरोबर तिची लेक शेवंता. शेवंताचं लग्न ठरलेलं. भागाबाई म्हणाली, हिरवं लुगडं दे, नवरीचं, तू हायेस म्हणून आले, न्हायतर ठाण्याला जाणार होते. शेवंता खिडकीच्या कडेने आत डोकावत होती. आक्का होती त्याच वयाची. उंचीही तेवढीच.

मी मॅनेजरकडे गेले, नवरीचं हिरवं हवंय म्हणून सांगितलं. वरून आणायला सांगतील असं वाटलेलं. ते पुढे गेले, शोकेस उघडली, लाकडी बाईच्या पायाशी मांडलेलं एक लुगडं उचललं, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं.

मी गोदामाच्या दारात, जिथे पुढचा उजेड पोचतो तिथे, घडी उलगडली.

पट्टा होता. घडीच्या कडेने, वरपासून खालपर्यंत. हिरव्यात पिवळट पांढरा.

डोळ्यांपुढे मांडव आला. एकेकीच्या तोंडाकडे बघणारी आई आली. मी मॅनेजरला म्हटलं, हे उन्हाने उतरलंय.

"खिडकीपाशी ऊन कुठे असतं, दिसायला," ते म्हणाले. "शोकेसचा माल नेहमी खिडकीवरच काढतो आपण."

ते रागाने बोलले नाहीत. नवीन माणसाला काम समजावून सांगावं तसं सांगितलं.

मी लुगडं तिथेच खाली ठेवलं. गोदामाचं मागचं दार उघडून गल्लीत गेले. भागाबाईचा हात धरला. ती म्हणाली, कुठं गं. मी तिला ओढलं. गल्लीतून रस्त्यावर, रस्त्यावरून पुढच्या दाराने आत, घड्याळं, साबण, भांडी, सगळ्यांमधून जिन्यापर्यंत. शेवंता आमच्या मागून आली. जिन्याशी भागाबाई एकदा थांबली. मी म्हटलं, मावशी, ह्याच जिन्याने तू विटा नेल्यास. ती चढली.

मी दोघींना गादीवर बसवलं. शेवंताने हात पदराखाली घेतले होते. मी विक्रेत्याला म्हटलं, नवरीची हिरवी लुगडी दाखवा, मोठ्या काठाची.

त्याने दाखवली नाहीत. तो पुढ्यातल्या साड्यांच्या घड्या घालायला लागला. गादीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक बाई उठली, तिच्याबरोबरची उठली. आम्ही नंतर येतो, असं म्हणून त्या जिन्याकडे गेल्या. कोणी ओरडलं नाही. सगळं शांतपणे रिकामं होत गेलं. पंखे तेवढे फिरत होते.

धाकटे शेट आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, सभेतला.

"मुली, तुला आम्ही आत घेतलं. म्हणजे तू सगळ्यांना आत घ्यायचं, असं नाही."

"मला आत घेतलं नाही," मी म्हटलं. "मला खिडकीला लावलं."

ते भागाबाईकडे वळले आणि म्हणाले, बाई, उठा, खाली तुम्हाला सगळं मिळेल. भागाबाई उठली. शेवंताही उठली. त्या उठल्याबरोबर दोन माणसांनी गादीवरची चादर टोकांनी धरली, गुंडाळली आणि धुवायला खाली नेली. आम्ही अजून तिथेच उभ्या होतो. शेवंता त्या चादरीकडे बघत राहिली. चादर जिना उतरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

मग म्हणाली, "आये, चल."

रस्त्यावर आल्यावर भागाबाईने माझा हात झटकला. मला वाटलं होतं ती शेटला बोल लावेल. तिने मला लावला.

"तुझं शिक्शान तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, बाय. माझ्या पोरीला लग्नाच्या तोंडावर हे कशापायी दाखवलंस?"

त्या दोघी स्टेशनकडे गेल्या.

माझी नोकरी गेली. आईचं झाडणंही त्याच दिवशी गेलं. मी घरी आले तेव्हा तिला कळलेलं होतं. ती उंबऱ्यात बसली होती. बाप म्हणाला, आता खायचं काय ते सांग.

मी आईसमोर बसले आणि तिला लुगड्याचं सांगितलं. शोकेस, ऊन, घडी, पट्टा. शोकेसचा माल खिडकीवर काढतात ते. नेहमीच काढतात ते. सगळं सांगितलं.

आई ऐकत होती. मग ती म्हणाली,

"म्हंजी पेटीनं न्हाय झालं."

"नाही, आई."

"गंज न्हवता."

"नव्हता."

इतकी वर्षं ती असं धरून चालली होती की लेकीचं लुगडं आपण नीट ठेवलं नाही, आपल्यामुळे तिला ते शब्द लागले, आपल्यामुळे ती गेली. मला हे माहीत नव्हतं. बापालाही नव्हतं. एका घरात राहून आम्हाला माहीत नव्हतं. माणसाला दारातून आत घेत नाहीत, तो अपमान दिसतो. हा दिसत नव्हता. तो आईच्या पोटात राहत होता, आणि तिने त्याला स्वतःचं पाप म्हणून सांभाळलेलं.

सकाळी आईच म्हणाली, पोलिसात जाऊ. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाल्याचं वस्तीत पेपर वाचून सांगितलेलं, ते तिच्या लक्षात होतं. आम्ही दोघी चौकीत गेलो. हवालदाराने ऐकून घेतलं. बसायला सांगितलं नाही. म्हणाला की शेट भला माणूस आहे, त्यानेच तुला नोकरी दिली, आणि साक्षीला कोण आहे. मी भागाबाईचं नाव सांगितलं. आंबिवलीला निरोप गेला. भागाबाईने कळवलं की ती त्या दिवशी कल्याणात आलीच नव्हती. मला तिचा राग आला नाही. तिच्या लेकीचं लग्न व्हायचं होतं.

चौकीत काही लिहून घेतलं नाही. मग आम्ही गल्लीत उभ्या राहिलो. खिडकीच्या समोर, गटाराच्या ह्या बाजूला, मी आणि आई. येईल त्या बाईला मी सांगायचे, इथून घेऊ नका, हे तुम्हाला उतरलेला माल देतात. काही परत जायच्या. काही आम्हाला शिव्या द्यायच्या. एक म्हणाली, तू आत होतीस तवर हातात तरी मिळत व्हतं. ते खरं होतं. खिडकीवर पुन्हा जुना माणूस बसलेला आणि पाण्याचं भांडं सुलटं झालेलं.

आई एका शब्दाने बोलायची नाही. नुसती उभी राहायची. पण बायका तिच्याकडे बघून जास्त परतायच्या.

खिडकीवरचं गिऱ्हाईक तुटत गेलं. दिवाळीच्या आधी भांडाराने खिडकी विटांनी बुजवून टाकली. ह्याला कोणी विजय म्हणू नये. पुढचं दार आमच्यासाठी उघडलं नव्हतं. धाकट्या शेटनी सगळीकडे सांगितलं की सोय होती, ती ह्यांनीच घालवली. वस्तीत पाण्याला गेले की बायका बाजूला व्हायच्या. ऐन सणात साबण-तेलाला त्यांना लांबच्या बाजाराला पायपीट पडली. एकीने माझ्या तोंडावर विचारलं, आता आम्ही जायचं कुठून.

मी म्हटलं, पुढून.

ती म्हणाली, आणि त्यांनी चादर उचलली तर?

उचलतील. मला ठाऊक होतं. उद्या उचलतील, परवाही उचलतील. माझ्यासोबत येणारीचं तोंड शेवंतासारखं होईल, आणि रस्त्यावर येऊन ती मलाच दोष देईल. मी तिला खोटा धीर दिला नाही. सगळं चांगलं होईल असं म्हटलं नाही. एवढंच ठरवलं, आणि आईला सांगितलं, की रोज एकीला घेऊन मी तो जिना चढणार. हात धरून चढणार. वर जाऊन बसणार. ती रडली तरी. मी रडले तरी.